अर्धा र

बैठक रात्री साडेदहाला, कारण
तेव्हा त्यांच्याकडे सकाळ असते.
त्यांच्याकडे म्हणजे नेमकं कुठे,
ते कुंजीरमामांना अजून कळलेलं नाही. मलाही नाही.
पडद्यावर चौदा चौकटी,
एकीत मांजर.

मुरलीधर कुंजीर, वय एकोणऐंशी,
नारायण पेठेतल्या बंद पडलेल्या छापखान्याचे
शेवटचे जुळारी,
स्वेटरच्या आत इस्त्रीचा सदरा.
मी वरच्या मजल्यावरची.
इंग्रजी माझ्याकडे, अक्षरं त्यांच्याकडे,
अशी वाटणी.

विषय असा, की इंटरनेटवरच्या पत्त्यांत
मराठीची कोणती अक्षरं चालतील.
हे सरकार ठरवत नाही.
मामांच्या सांगण्यावरून मी आधी दिल्लीला लिहिलं,
उत्तर आलं, बाब आमच्या अखत्यारीतली नाही.
मुंबईचं उत्तर यायचंय.

ठरवतं हे मंडळ:
दोन कंपन्यांची माणसं, एक प्राध्यापक,
एकजण निव्वळ हौस म्हणून,
बाकीचे वर्गणी भरणारे,
त्यांच्या चौकटी काळ्या.

तक्रार एका खुणेची. पुढच्या अक्षराला
डावीकडून बिलगलेली, पापणीएवढी.
ती गेली की दऱ्यांचा दर्या होतो.
'अख्ख्या मावळात पाणी भरेल,' मामा म्हणाले.
मी भाषांतर केलं.
चौदा चौकटी गप्प.
मग त्यांनी आचारी काढले:
आचार्यांना दक्षिणा, आचाऱ्यांना मजुरी,
पाटी एकच लावलीत
तर पाकीट कुणाच्या दारात टाकायचं?

अध्यक्षबाई म्हणाल्या, वापराचा आकडा द्या.
मामा उठले. लाकडी खण आणून
टेबलावर उपडा केला,
त्या एका र चे शिशाचे खिळे,
आणि मोजत बसले, मोठ्याने, मराठीत.
त्रेसष्टपर्यंत कुणी अडवलं नाही.
'एवढे असायचे. तरी दिवाळी अंकाला
शेजारून उसने आणायला लागायचे. हे लिहून घ्या.'

मग मला न विचारता बटण दाबून
आपल्याच इंग्रजीत त्यांनी विचारलं,
तुम्हाला निवडून कुणी दिलं?

बाई रागावल्या नाहीत.
कुणीच नाही, म्हणाल्या,
ज्यांना वेळ होता ते आले.
आणि तुम्हाला, मिस्टर कुंजीर?

खाली गल्लीत एक रिक्षा
सुरू होता होत नव्हती.
मामा खिळा बोटांत फिरवत राहिले.
'सांग त्यांना,' म्हणाले, 'मलाही कुणी नाही.
मला रात्री झोप येत नाही म्हणून मी येतो.'
मी पहिलं वाक्य तेवढं सांगितलं.

तेव्हा एक काळी चौकट उजळली.
काठमांडू. मागे भिंतीवर कॅलेंडर, समोर शाल घेतलेली बाई.
हा र आमच्याकडेही आहे, त्या म्हणाल्या,
आमच्या 'केलं' या शब्दातच तो बसलाय.
तो काढलात
तर आम्ही काही केलं
असं आम्हाला लिहिताच येणार नाही.

मामांनी पडद्याला नमस्कार केला.
'कुठल्या गं या?'
'नेपाळच्या.'
'बरं,' म्हणाले, 'बरं.'

इतिवृत्तात एक ओळ आली:
चिन्ह ०९३१, चर्चा झाली, पुढील बैठकीत विचार.
'म्हणजे हो की नाही?'
म्हणजे पुन्हा साडेदहा, मी म्हटलं.

सकाळी चौकातल्या गाडीवर
नवी पाटी, लाल ऑइलपेंट:
गरम पुर्या.
मामांच्या खिशात खडू असतोच.
गाडीवाला म्हणाला, 'काका, लोक वाचतात,
लोक खातात. अडलंय का कुणाचं?'

मामांनी एक प्लेट सांगितली.
त्याची पाठ वळली तशी
हलकेच ती पापणी काढली, जागच्या जागी.
वरचा रफार मात्र खरवडूनही निघेना.
त्यामुळे आता त्या पाटीवर दोन्ही र आहेत,
आणि पुऱ्या
नवाच्या आत संपतात.