ड्रायव्हर खाली

देवास नाक्यावरच्या धर्मकाट्यावर
चौकसे खिडकीतून हात हलवतो:
"उतरो भिया."
मी उतरतो.
गाडी एकटी उभी राहते, सोयापेंडीनं भरलेली,
आणि लाल आकडे थोडा वेळ थरथरून
मग ठरतात.

पावतीवर तीन ओळी. ग्रॉस, टेअर, नेट.
सकाळची रिकामी गाडी, आत्ताची भरलेली,
आणि मधला फरक, तो शेटचा माल.
एकोणीस वर्षं हे चिटोरं खिशात घालून फिरतोय.
आज नीट वाचलं,
कारण हर्षदाचा फोन आला होता:
"बाबा, फॉर्मवर वार्षिक उत्पन्न काय लिहू?
उद्या शेवटची तारीख. एकच चौकोन आहे."

एकच.

तीन वर्षांमागे बँकेत साहेबासमोर
मी छाती काढून सांगितलं होतं:
महिन्याला पावणेतीन लाख भाडं.
साहेबानं चहा मागवला.
साडू अजून तोच आकडा धरून बसलाय,
पंगतीत माझ्या ताटात दोन जिलब्या जास्त वाढतो
आणि हात धुताना वीस हजार उसने मागतो.

येतात पावणेतीन लाख. खोटं नाही.
येतात, आणि मानपूरचा घाट उतरायच्या आत
अर्ध्याहून जास्त डिझेल पिऊन बसतं,
वर युरियाही मागतं.
टोलची दांडी वर जाते, फोन टुंग करतो;
सेंधव्यापर्यंतचे टुंग आधी मोजायचो.
पाच तारखेला, उजाडायच्या आत, हप्ता.
उरुळीला परतीच्या मालासाठी झाडाखाली दोन दिवस,
त्या दोन दिवसांची पावती कोणी फाडत नाही.
आणि टायर. दहाच्या दहा रोज थोडे थोडे जातात,
पण पैसे अजून दिले नाहीत
म्हणून मी त्याला खर्च म्हणत नाही.
ही माझी जुनी खोड.

उरतात अकरा हजार. कधी बारा.
क्लच गेला त्या महिन्यात
उलट आम्हीच गाडीला दिले.

गेल्या रविवारी हर्षदानं वही उघडली,
बी.कॉम.चं पहिलं वर्ष, कानावर पेन्सिल.
"क्लीनरला नऊ हजार, बरोबर.
ड्रायव्हरचा पगार कुठल्या ओळीत आहे?"
"ड्रायव्हर मीच की."
"हो, पण पगार?"
तिची आई कणीक मळायची थांबली.

बाजारात ड्रायव्हर बावीस हजाराला मिळतो,
भत्ता वेगळा, शिवाय तोंडही वर.
म्हणजे आमच्या मालकानं आमच्या ड्रायव्हरचे
दर महिन्याला अकरा हजार बुडवले.
दोघं एकाच बनियनमध्ये.
कोणी कोणाकडे मागायचे?
त्या रात्री मी मालकाच्या बाजूनं झोपलो,
पहाटे ड्रायव्हरच्या बाजूनं उठलो,
कंबर त्याचीच दुखत होती.

गाडी पुढे घेतली. मागं आलो.
चौकसेला म्हटलं, एकदा मला एकट्याला तोल.
तो हसला, पण बटण दाबलं.
एवढ्या मोठ्या लोखंडावर मी, चपला घालून,
ट्रक वळतात त्या जागी.
आकडा आला ऐंशी.
"मी तर त्र्याहत्तर आहे रे."
"काटा वीसच्या पटीतच बोलतो," चौकसे म्हणाला,
"खाली वर तुम्ही बघून घ्या."

सात किलो फुकटचे घेऊन केबिनमध्ये चढलो.
फोन पुन्हा वाजला.
"बाबा, काय लिहू?"
समोर राऊकडे जाणारे लाल दिवे, एकामागे एक,
प्रत्येकाच्या मागे रंगानं काहीबाही लिहिलेलं.
म्हटलं, आत्ता पेन्सिलीनं लिही.
"पेननंच भरायचा असतो."
मग थांब, म्हटलं, थांब जरा,
आणि पहिला गिअर टाकला.