शिडाचं कापड

रात्रपाळीला मल्लेशमनं मोबाईल
बीमला टेकवून ठेवला.
कोरियातला जुना काळ, समुद्र, लुटारूंची जहाजं.
चोवीस मागांच्या खडखडाटात
एक शब्द ऐकू येईना.
त्याचं काही नाही,
मागावाल्यांना ओठ वाचता येतात,
शिव्या तर कुठल्याही भाषेतल्या.

सरदारीण दोराला लटकत आली,
शिडात तलवार खुपसली
आणि वरपासून खालपर्यंत
फाडत उतरली.

पोरांनी शिट्ट्या मारल्या.
मी म्हटलं, थांबव. मागं घे जरा.
ताणा शाबूत, बाणा तेवढा कापलाय.
हातमागाचंच असणार.
कुणी विणलं असेल, किती रात्री बसून?
मजुरी मिळाली असेल का पुरती?

"मामा, समुद्र बघा की!"

समुद्र मी बघितलेला नाही.
आमच्या विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी येतो,
तेव्हा राजमणी घागरी मोजते
आणि शेजारणीशी भांडते
त्या सरदारणीसारखीच, पदर खोचून.

तेवढ्यात सात नंबरवर तार तुटली.
वाकून गाठ मारली.
वर बघतो तर जहाज बुडालेलं,
सगळे हातपाय मारतायत,
आणि ते फाटकं शीड
पाण्यावर फुगून तरंगतंय.

पक्कं विणलं होतं.