बासष्ट टक्के

मूल्यमापनाला आलो होतो. फॉर्मवर सात रकाने:
अचूकता, वेग, वापरातली सुलभता, असे.
नांदेडच्या पूर नियंत्रण कक्षात
पंखा कुरकुरत होता
आणि पडद्यावर आख्खी गोदावरी एकाच रंगाची, नारिंगी.

रडार, उपग्रह, पाच मोजपट्ट्या, धरणाचे दरवाजे,
सगळं कालवून एक आकडा.
त्या रात्री तो बासष्ट होता.

"पुलाखालची पट्टी अडकते, सर,"
हनवते मॅडम म्हणाल्या. ड्यूटी त्यांचीच होती.
"जलपर्णी गुंतली की तास तास तेच दाखवते.
पहिले पाची आकडे वेगळे दिसायचे,
तेवढा एक मी सोडून द्यायचे.
आता शिजलेल्या वरणातून
खवट डाळ कशी निवडू?"

मग?

"मग काय. हिवरघाटच्या गफूरला उठवलं.
म्हटलं, घाटाच्या किती पायऱ्या उरल्या?
म्हणला, तीन. पाणी चढायलंय.
बॅटरी मारून पुन्हा बघितलं. म्हणला, दोन."

एक वाजून दहा मिनिटांनी
त्यांनी वस्ती हलवायला सांगितली.
पडदा लाल झाला पावणेदोनला.
अहवालात ओळ आहे:
प्रणाली आणि निर्णय यांत पूर्ण एकमत.

मी फॉर्म पालथा घातला.
कोऱ्या बाजूला रेघ मारून लिहिलं, गफूर.
पुढं गुण द्यायचे होते.
पेन उघडाच राहिला.

"आणि फोन लागलाच नसता तर?"

त्यांनी पडद्याकडं बघितलं,
पदरानं त्यावरची धूळ पुसली.
"तर हेच होतं की, सर.
बासष्ट."