इतर

फॉर्म नवा आहे. पदाच्या रकान्यात
बाण दाबला की यादी उघडते:
आचार्य, शिक्षक, कारकून, शिपाई, पहारेकरी.
ग्रंथपाल नाही.
दोनदा खालीवर करून पाहिलं,
हरवलेलं पुस्तक शोधावं तसं,
शेजारच्या विषयात कुणी खोचलंय का म्हणून.
मग ‘इतर’ निवडलं. फॉर्म पुढे सरकला.

एकोणतीस वर्षं झाली कारेलीबागेतल्या ह्या शाळेत.
आले तेव्हा खोली होती, चार खिडक्यांची,
दारावर पाटी, तासाला गलका,
आणि मला ‘शू’ म्हणायचा अधिकार.
आता खोलीत स्मार्ट बोर्ड आहे.
कपाटं जिन्याखाली,
त्यातली दोन भिंतीकडे तोंड करून,
कारण दारं उघडली की मुलांचा रस्ता अडतो.

मी काय करते?
आधार जोडते, खिचडीची ताटं मोजते,
परमारसर रजेवर गेले की सातवी ‘ब’ सांभाळते.
पगाराच्या दिवशी कुणीतरी म्हणतंच,
टिपणीसबेन, तुमचं बरंय, बसून काम.
बसायला मिळालं की सांगेन.

मध्ये ट्रस्टींचे चिरंजीव आले होते.
टॅबवर बोट सरकवत म्हणाले,
ह्यात दहा हजार पुस्तकं आहेत.
खोटं नव्हतं, मीही पाहिली.
फक्त विचारलं, ह्यातलं पाचवीतल्या जिनलला कुठलं द्यायचं?
ती म्हणते, पातळ द्या,
पण दोन दिवस पुरलं पाहिजे.
ते म्हणाले, सर्च आहे ना.

ज्या वर्षी विश्वामित्री शाळेत शिरली,
गुडघ्याच्या वर,
खालचे दोन कप्पे गेले.
मी आणि रईसभाई शिपाई आठवडाभर
गच्चीवर दोऱ्या बांधून पुस्तकं वाळवत होतो.
चिमटे माझ्या घरचे.
पंचनाम्यात बाकं आली, पंखे आले, पाण्याची मोटर आली.
पुस्तकांपाशी साहेब थांबले,
म्हणाले, रद्दीचा भाव काय धरू?

शाळा उघडली त्या सकाळी
जिन्याखाली रांग.
मागच्या गल्लीत मगर निघाली होती.
सगळ्यांनी पाहिलेली, सगळ्यांच्या घरी व्हिडिओ,
तरी ध्रुविल सोळंकी,
ज्यानं आजवर वहीत एक सही केली नव्हती,
सगळ्यांच्या पुढे:
बेन, मगरनी चोपडी छे?

होती.
पाचशे सत्त्याण्णव पूर्णांक नऊ, सरपटणारे प्राणी.
फुगलेली, मिटेना, चिखलाचा वास.
त्यानं ती नाकाला लावली.
हिच्यावरून पण गेली असेल ना ती, म्हणाला.
असेल, मी म्हटलं.
तारखांची चिठ्ठी विरघळली होती,
नवी चिकटवली, शिक्का मारला.
मागच्यांना साप दिले, कासवं दिली,
एकाला नुसता नदीचा नकाशा.

जूनमध्ये मी निवृत्त.
जागा भरायची नाही, ‘मृत संवर्ग’ असं पत्रात आहे.
किल्ल्या कुणाला द्यायच्या ते पत्रात नाही.

ध्रुविल आता नववीत आहे.
पुस्तक त्यानं परत केलेलं नाही.
जिन्यावरून जाताना नजर चुकवतो,
दोन-दोन पायऱ्या उडी मारून.
मीही हाक मारत नाही.
काल नोंदवही बंद करायला घेतली,
त्याच्या ओळीपाशी आले.
‘गहाळ’ लिहायचं असतं.
लिहिलं, बाहेर आहे.