खोड

नवा कन्सोल मी कोपनहेगनहून आणला,
लोकरीच्या दोन स्वेटरांत गुंडाळून.
रेक्याविकपासून पुढे छोटं विमान. इसाफ्योर्दुरच्या खाडीवर
वैमानिकाने दोन घिरट्या जास्तीच्या घातल्या, वारा फार होता,
आणि मी मांडीवरची बॅग धरून बसलो
अंड्यांची टोपली धरावी तसा.

आईने खोक्याकडे पाहिलं.
"जुने गेम चालतात ना यात?"
चालतात, म्हटलं.
"आणि हा?"

हा म्हणजे तिचा कंट्रोलर.
अकरा वर्षांचा. उजव्या मुठीखाली निळी चिकटपट्टी,
बटणांवरची चिन्हं पुसून गेलेली,
आणि माशांच्या कारखान्यातून आल्यावर
कितीही साबण लावला तरी बोटांना उरतो तो वास
प्लॅस्टिकनेही थोडासा उचललेला.

जोडला. आधी केबल लागली, मग एक अपडेट,
मग पुन्हा केबल, दुसरी,
कारण पहिलीतून नुसतंच चार्जिंग होत होतं.
शेवटी दिवा लागला.
नवा गेम उघडला तर पडद्याने फार सभ्यपणे सांगितलं :
या खेळासाठी हा कंट्रोलर वापरता येणार नाही.
जुन्या खेळांत मात्र त्याला मज्जाव नव्हता.

आई हसली.
"माझंच की हे. नव्या मशीनपाशी फिरकू देत नाहीत,
जुन्या पट्ट्यावर माणूस कमी पडलं
की रात्री अकरालाही फोन."

पण हौस माझी. मी तिच्या हातात नवा दिला.
हलका, गुळगुळीत, खडीवरून गाडी गेली
की तळव्यात खडी वाजवणारा.
तिचाच तो जुना घाटरस्ता, तीच लाल गाडी.
पहिल्या वळणावर गाडी उजवीकडच्या दरीत.
दुसऱ्यांदाही दरीत.
तिसऱ्यांदा वळण यायच्या आधीच.
"बिघडका आणलायस," ती म्हणाली.

मी चालवून पाहिलं. गाडी सुतासारखी सरळ.
मग मी पडद्याकडे न बघता
तिच्या अंगठ्याकडे बघत बसलो.

जुन्याची डावी स्टिक
गेली पाच-सहा वर्षं डावीकडे ओढते.
कुणी हात लावला नाही तरी
गाडी हळूहळू कुंपणाकडे जाते, गुरं गोठ्याकडे जातात तशी.
आईने ती कधी दुरुस्तीला दिली नाही.
तिचा अंगठा तेवढा केसभर उजवीकडे रेलू लागला,
आणि हे इतकं अंगवळणी पडलं
की आपण रेलतो हेच ती विसरली.
आता समोर ओढ नव्हती,
अंगठा मात्र अजून तिच्याशी झुंजत होता.

जित्याची खोड, म्हणतात.
इथे खोड प्लॅस्टिकची होती
आणि जडली होती जित्याला.

त्या रात्री ती झोपल्यावर मी सेटिंग्ज पालथी घातली.
नव्याला थोडंसं डावीकडे ओढायला
शिकवता येईल का, म्हणून.
दोष काढायचे तीन पर्याय होते,
दोष घालायचा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंचवीस जानेवारी.
दोन महिने डोंगरामागे असलेला सूर्य
आमच्या गल्लीत परत यायचा दिवस.
शेजारची हाफ्दीस पातळ धिरडी घेऊन आली,
साखर पेरलेली, अजून वाफाळणारी.
कॉफी ओतली जात होती तेवढ्यात ऊन आलं,
खिडकीतून थेट टीव्हीवर,
आणि घाट, दरी, लाल गाडी, सगळं
पांढरं झालं.

मी पडदा ओढायला उठलो.
"राहू दे, सोलरूनला दिसत नसेल तर नसेल," हाफ्दीस म्हणाली.
आईने काहीच म्हटलं नाही.
जुना कंट्रोलर तिच्या हातात होता.
मी ऐकत राहिलो :
खडी, गिअर, खडी, पुलाच्या फळ्या,
पुन्हा खडी.
आदळल्याचा आवाज आलाच नाही.

टेबलावर धिरड्यांच्या बशीशेजारी
नवा पडून होता, पूर्ण चार्ज झालेला,
कुठेही न झुकणारा.