गंज

मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यावर
माझी पीएचपी सात वर्षं उधारी मोजतेय.
आता पुढची कुठली?
भाची म्हणते, पायथन.
'गो' म्हटलं की मालवणच्या मावशीला
हाक मारल्यासारखं वाटतं.
म्हणून रात्रपाळीत रस्ट उघडली.

शराफत होडेकर डोकावला. "म्हणजे काय रे?"
"गंज."
"आख्खा जन्म बोटीवरचा खरवडतोय मी,
आणि तू मुद्दाम शिकतोस?"

तो गेला. खिडकीचा गज
बोटांना तांबूस लागला.
कंपायलर पुन्हा अडला :
दिलीस ती वस्तू, आता तुझी नाही.

बाहेर लादी घसरत ट्रॉलरवर चढली.
पावतीचं अर्धुक माझ्या हातात, ओलं.
वितळली तरी आता त्यांची.