सव्वादोन मैल

ब्रिनहेलिगच्या खाणीपासून धक्क्यापर्यंत
सव्वादोन मैल. नकाशात नखाएवढे.
आधी घोडे होते. एकाचं नाव पार्सन.
चार डबे निमूट ओढी;
पाचव्याच्या साखळीचा खटका ऐकला
की जागचा हलत नसे.

मग उतारावर दोर आला:
भरलेले डबे खाली जाताना
रिकाम्यांना वर ओढत.
ब्रेकवाला इदवाल म्हणे, आमच्या घरातही असंच चालतं.
कोण भरलेलं, ते सांगत नसे.

फाटकावरची नेस्ता
दोन गाड्यांच्या मधे धुणं वाळत घालायची.
सदरे तरी करडेच.

खाण मिटली,
आणि शेवटचा माल निघाला तो रुळांचाच:
मागून उखडत, डब्यात लादत
लाइन स्वतःला वाहून घेऊन गेली.

आता तिथं वाटाण्याचे वेल.
कुदळ वीतभर गेली की
काळं लागतं.